कॉलरवरून जुंपली

इस्त्रीकाकांच्या दुकानाला दुकान म्हणायचं ते केवळ मान राखायचा म्हणून. इमारतीच्या जिन्याखाली उरलेली जागा, बाकी काही नाही. आत एक लांब टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, आणि भिंतीला ठोकलेल्या दांडीवर लोकांचे शर्ट. उंच गिऱ्हाईक आत शिरलं की डोकं आपटून बाहेर यायचं. काका बेताच्या उंचीचे, त्यामुळे जिन्याशी त्यांचं कधी वाकडं आलं नाही. दिवसभर सगळी इमारत त्यांच्या डोक्यावरून वर-खाली करायची, पण बोलायला म्हणून कुणी थांबायचं नाही. गाठोडं टाकायचं, "संध्याकाळी येतो न्यायला" म्हणायचं आणि सुटायचं. लोकांचंही बरोबर आहे. इस्त्रीवाल्याशी बोलणार तरी काय?

घरी तर तेवढंही नव्हतं. बायको गेल्यापासून दोन खोल्यांत काका आणि रेडिओ. एकुलता एक मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायचा आणि नोकरी सांभाळून व्हिडिओ करायचा. बाजारात नवा मोबाइल आला की तो हातात घेऊन उलटसुलट करायचा आणि लोकांना सांगायचा, हा घ्या, हा घेऊ नका. हजारो लोक त्याचं ऐकायचे. बापाला मात्र तो महिन्याकाठी एकदा फोन करायचा. कसे आहात, बरा आहे, जेवलात का, जेवलो, ठेवतो मग. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. भांडण असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. इथे बोलणंच आटलं होतं, आणि त्याला कोण काय करणार?

म्हणून काका व्हिडिओ बघायचे. शर्टांवर शिंपडायच्या पाण्याच्या बाटलीला फोन टेकवायचा आणि इस्त्री फिरवता फिरवता मुलाकडे बघत राहायचं. फोनमधल्या फोनचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते मुलगा बघायचे. वाळलाय का, खोकतोय का, मागच्या भिंतीला ओल आलीय का. एकदा त्यांनी खाली लिहिलं, "खूप छान बाळा. वेळेवर जेवत जा." त्या दिवशी मुलाचा फोन ताबडतोब आला.

"बाबा, तिथे असलं काही लिहू नका ना. लोक आता मला बाळा बाळा म्हणून चिडवतायत."

"बरं. नाही लिहीत."

"रागावलात?"

"छे, रागवायचं काय त्यात?"

रागावले नव्हतेच ते. पण मुलाच्या दारात हजारो लोकांनी जाऊन गप्पा माराव्यात आणि बापाने तेवढं जाऊ नये, हे त्यांना लागलं. चार दिवस त्यांनी कळ काढली आणि मग समोरच्या मोबाइलवाल्याला गाठलं. त्याच्याकडून दुसरं खातं उघडून घेतलं.

"नाव काय टाकू, काका?"

"माझं सोडून काहीही टाक."

मोबाइलवाल्याने 'स्पष्टवक्ता' असं टाकलं. काका उभ्या आयुष्यात कुणाला तोंडावर स्पष्ट बोलले नव्हते. शर्ट फाटका आला तर हातात देताना तेच ओशाळायचे.

तर या स्पष्टवक्त्याने सुरुवातीला सगळ्या व्हिडिओंखाली नुसतं "छान" लिहिलं. मुलाकडून एक लाल बदाम आला. पुन्हा "छान", पुन्हा बदाम. मग त्यांच्या लक्षात आलं की बदाम सगळ्यांनाच मिळतो. बदाम वाटायला पोरगा मोठा उदार होता, शब्द द्यायला नव्हता.

एका दुपारी मुलगा पडद्यावर आला तो कॉलरचं डावं टोक वर वळलेला शर्ट घालून. आता कॉलरची इस्त्री म्हणजे काकांचा जीव की प्राण. आधी उलट्या बाजूने, टोकांकडून मध्याकडे. मध्याकडून टोकाकडे गेलं की कापड टोकाशी गोळा होतं आणि टोक असं मान वर काढतं. काकांनी सगळा व्हिडिओ ते टोक बघण्यात घालवला. वाटलं, हात घालावा आणि दाबून बसवावं. हात पोचत नव्हता म्हणून त्यांनी लिहिलं, "कॉलर बघ जरा. ज्याला स्वतःची कॉलर दिसत नाही, त्याला फोनमधलं काय दिसणार?"

दुसरं वाक्य कुठून आलं देव जाणे. बहुतेक ते खात्याचं नावच अंगात शिरलं.

हातातला शर्ट घडी घालून होतो न होतो तोच उत्तर आलं. चांगलं पाच-सहा ओळींचं. "साहेब, तुम्ही इथे फोन बघायला येता की शर्ट? नोकरीवरून घरी येतो, तसाच कॅमेऱ्यासमोर बसतो. घरात दुसरं कुणी नाही कॉलर बघायला. तुमच्याकडे असेल तर तुम्ही सुखी आहात." काकांनी इस्त्री उभी केली, स्टुलावर बसले आणि ते पुन्हा पुन्हा वाचलं. मुलगा रागावला होता, पण किती बोलला होता! नोकरीवरून आल्यावर तो तसाच बसतो, हे फोनवर त्याने कधी सांगितलं होतं का?

तोवर खाली जुंपली होती. काही जण म्हणाले, स्पष्टवक्त्याचं बरोबर आहे, लोकांसमोर यायचं तर नीटनेटकं यावं. काही म्हणाले, दादा फोनबद्दल सांगतो, लग्नाला आलेला नाही. एकाने कॉलरवरून थेट संस्कारांवर उडी घेतली, दुसऱ्याने त्याचेच संस्कार काढले, आणि दोघे मिळून कुठल्या कुठे गेले. व्हिडिओतला फोन बिचारा विसरलाच गेला. मध्येच कुणीतरी लिहिलं, "हा स्पष्टवक्ता इस्त्रीवाला दिसतोय. जा बाबा, लोकांच्या चड्ड्यांना इस्त्री कर." त्याखाली हसणाऱ्या तोंडांची ही भली मोठी रांग लागली.

काकांचे कान गरम झाले. आणि मग त्या रांगेच्या खाली मुलाची एक ओळ आली. "इस्त्रीवाल्यांना मध्ये आणायचं काम नाही."

काका त्या ओळीकडे बघत बसले. आता तो पुढे लिहील, माझे वडील इस्त्री करतात, त्यावर मी शिकलो, असं काहीसं, म्हणून वाट बघत राहिले. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, दुसरं आलं. पुढची ओळ आली नाही. तरी त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं. माणूस किती थोडक्यात भागवतो, बघा.

त्यानंतरच्या व्हिडिओत शर्टाला इस्त्री होती. बाहीवर दोन-दोन घड्या पडलेल्या, म्हणजे पठ्ठ्याने स्वतः केलेली. काकांना इतका आनंद झाला की लिहावंसं वाटलं, शाब्बास. पण शाब्बास लिहिलं की बदाम येणार आणि पोरगा गप्प बसणार. म्हणून त्यांनी लिहिलं, "मागच्या वेळी या कंपनीचा फोन वाईट म्हणालास, आता चांगला म्हणतोस. माणसाने एकावर राहावं." आली की उत्तराची माळ! दोन्ही फोन कसे वेगळे, बॅटरी कशी वेगळी, आपण कुणाकडून पैसे घेत नाही, सगळं समजावून सांगितलं. काकांनी मग खोड्याच काढायला सुरुवात केली. आवाज बारीक येतो. हसतोस का नाहीस? खिडकीचा पडदा धुवायला टाक. प्रत्येकावर पोरगा तणतणत यायचा, लोक दोन्हीकडून उतरायचे, आणि काका जिन्याखाली बसून मुलाशी गप्पा मारायचे. त्याला माहीत नव्हतं एवढंच.

गंमत म्हणजे खरे फोनही वाढले. पहिल्यांदा अवेळी फोन आला तेव्हा काकांना धडकीच भरली.

"काय रे, बरा आहेस ना?"

"बरा आहे हो. बाबा, एक माणूस हात धुऊन माझ्या मागे लागलाय."

"कोण?"

"तेच तर कळत नाही. नाव स्पष्टवक्ता. काहीही केलं तरी खुसपट काढतो."

"रिकामटेकडा असेल," काका म्हणाले. "तू कशाला लक्ष देतोस?"

"तसं नाही. बाकीचे शिव्या देतात, त्याचं काही वाटत नाही. हा बघतो. माझ्याकडे नीट बघतो आणि मग बोलतो. म्हणून जास्त राग येतो."

काकांनी स्पष्टवक्त्याला चार सणसणीत शिव्या हासडल्या. मुलगा खळखळून हसला. असं हसणं कानावर पडून कैक वर्षं लोटली होती. मग तो दर आठवड्याला फोन करू लागला. सुरुवात स्पष्टवक्त्यापासून व्हायची आणि बोलणं कुठेही जायचं. साहेब कसा आहे, घरमालक कसा आहे, आईच्या हातची भाजी तशी कुठेच मिळत नाही. काका एका हाताने फोन धरायचे, दुसऱ्याने इस्त्री. गिऱ्हाइकाला खुणेनेच सांगायचे, थांबा, मुलाचा फोन आहे. हे सांगण्यातलं सुख काही वेगळंच होतं.

सुखाने माणूस शेफारतो, तसे काका शेफारले. एका व्हिडिओत मुलाचे डोळे ओढलेले दिसले, शर्ट खांद्यावरून उतरत होता. काकांनी व्हिडिओ थांबवून चेहरा जवळून बघितला. पण काळजी लिहायची स्पष्टवक्त्याला सोय नव्हती, त्याला एकच सूर येत होता. त्यांनी लिहिलं, "तुझ्या बोलण्यात आता जीव राहिला नाही. चेहरा बघवत नाही. हे तुझं काम नाही, बंद कर आणि घरी जा."

घरी जा, म्हणजे घरी ये. पण हे वाचणाऱ्याला कसं कळावं?

या वेळी उत्तर आलं नाही. दिवस गेला, दुसरा गेला. नवा व्हिडिओही नाही. काकांच्या हातून एका बाईंची साडी पिवळी पडता पडता वाचली. शेवटी फोन वाजला.

"बाबा," मुलगा म्हणाला. आवाज बसलेला होता. "मी चॅनल बंद करतोय."

"का रे?"

"कॅमेरा लावला की तोच समोर बसलेला दिसतो. तोंड उघडायच्या आत वाटतं, आता हा काय म्हणेल. आणि बरोबरच म्हणतो तो. जीव नाहीच राहिला. ऑफिसात मला कुणी हाक मारत नाही बाबा, घरी आलो तर भिंती. एवढी एकच जागा होती जिथे लोक माझी वाट बघायचे."

काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. अरे, तो मीच आहे. एवढं एकच वाक्य होतं आणि ते अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगून काय झालं असतं? सगळ्या जगात आपल्याकडे नीट बघणारं एक माणूस आहे, ते आपला छळ करतं, आणि तो आपला बाप आहे, हे पोराने कुठे ठेवायचं? आणि मग बापाला तरी फोन कशाला करायचा? काकांना मुलाचीही भीती वाटली आणि स्वतःचीही लाज वाटली.

"बंद करू नकोस," ते म्हणाले. "तो आता लिहिणार नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"असली माणसं दमतात रे. त्यांना दुसरं कुणीतरी सापडतं."

"सापडेल म्हणता?"

"सापडेल."

काकांनी शब्द पाळला. मोबाइलवाल्याकडे जाऊन ते खातं पुसून टाकायला सांगितलं. "का हो काका, कंटाळलात?" त्याने विचारलं. "काम वाढलंय," काका म्हणाले.

मुलाचे व्हिडिओ पुन्हा सुरू झाले. काका ते बाटलीला टेकवून बघायचे, काही लिहायचे नाहीत. मुलगा सावरला. अंगावर थोडं मांस चढलं, हसूही येऊ लागलं. कॉलर कधी नीट असायची, कधी नसायची. फोन पहिल्यांदा दोन आठवड्यांनी आला, मग तीन. सांगण्यासारखं काही नव्हतं ना. आणि एकदा सकाळी, काकांनी दुकान नुकतंच उघडलं होतं, तेव्हा त्याचा फोन आला.

"बाबा, तो गेला बरं का! स्पष्टवक्ता. इतके व्हिडिओ झाले, एक अक्षर नाही. त्याचं खातंच दिसत नाही."

"मी म्हटलं नव्हतं?"

"म्हातारा असणार तो, लिहिण्यावरून वाटायचं. मेलाबिला असेल."

"असेल," काका म्हणाले.

"सुटलो बाबा. आता छान झोप लागते."

"मग झालं तर. चांगलं झालं."

"बरं, ठेवू? तुमचं सगळं ठीक ना? जेवण वगैरे?"

"सगळं ठीक."

फोन बंद झाला. काकांनी मान वर केली तर वरच्या मजल्यावरच्या बाई गाठोडं घेऊन दारात ताटकळत उभ्या होत्या.

"मुलाचा फोन वाटतं? बोला, बोला, काका. मी थांबते," बाई कधी नव्हे ते म्हणाल्या.

काकांनी फोन कानाला तसाच लावून ठेवला आणि दांडीवरच्या शर्टांकडे तोंड फिरवलं.

"हो रे," ते त्या बंद फोनमध्ये म्हणाले, "घेतो ना काळजी. तू नको काही मनात आणूस. हो, हो, सांग ना, मी ऐकतोय."