डावं तिसरी खाच, उजवं पाचवी

शिवणताईंच्या दुकानात एक नियम होता. गिऱ्हाईक स्वतःचं जे माप सांगेल, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. "कंबर चौतीस," असं कुणी पोट आत ओढून म्हटलं, की त्या "हो का, छान," म्हणायच्या आणि मुकाट्याने टेप काढायच्या. छत्तीस निघायची. दुसरा नियम, कच्च्या टाक्यावर अंगात घालून बघितल्याशिवाय पक्की शिलाई मारायची नाही. या दोन नियमांवर त्यांनी चाळीस वर्षं काढली आणि अर्ध्या गावाची अंगं त्यांना तोंडपाठ झाली.

त्यांचं स्वतःचं अंग मात्र कुठल्याच तयार मालात बसलं नाही. लहानपणी ताप आला, तो उतरताना डावा पाय उजव्यापेक्षा पावणेदोन इंच आखूड ठेवून गेला. डाव्या बुटाला जाड तळ मारून घ्यावा लागे. आणि ताई रस्त्यावर निघाल्या की कोपर धरायला धाकटा भाऊ हजर. "ताईला सांभाळ," असं आई जाताना म्हणाली होती, ते या पठ्ठ्याने भलतंच मनावर घेतलं. घरात त्याला अजून छोट्या म्हणत. हा छोट्या छप्पन्न वर्षांचा, आणि दुकानात शिरताना वाकावं लागे त्याला. माणूस सोन्यासारखा, पण चोवीस तास सोनं कोपराला बांधून फिरायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. हे ताईंनी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

तर झालं असं, की तळ्यावरच्या नौका क्लबाने लाइफ जॅकेटांचे उसवलेले पट्टे ताईंकडे शिवायला पाठवले. गठ्ठा पोचवायला त्या गेल्या, तेव्हा पाण्यावर एक बाई कयाकमधून चालली होती. एका माणसापुरती अरुंद होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, एकदा इकडे, एकदा तिकडे. बाई सत्तरीची तरी असेल. ताई बघतच राहिल्या. हे सगळं बसून करता येतं? बसण्यात त्यांचा हात कोण धरणार होतं! मशीनपुढे चाळीस वर्षं बसून दंड तर लोखंडाचे झाले होते.

घरी येऊन त्यांनी अशी एक होडी विकत घ्यायची असल्याचं जाहीर केलं. "ताई, हे काय नवीन खूळ?" छोट्या म्हणाला. "तुझा पाय..."

"होडीला पाय असतात का रे?"

बरंच वाजलं दोघांचं. शेवटी त्याने अट घातली. "आधी तासभर चालवून दाखव. मध्ये एकदा जरी मला हाक मारलीस, तर विषय बंद. पुन्हा काढायचा नाही."

"कबूल," ताई म्हणाल्या.

तळ्याकाठी होड्या विकणाऱ्या होडीवाल्याने आधी वजन विचारलं. ताईंनी बेधडक आठ किलो कमी सांगितलं. होडीवाल्याने "छान" म्हणून मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्यावरूनच ताईंना कळलं, की यानेही मनात दहा वाढवलेत. धंदा कुठलाही असो, गिऱ्हाईक तेच.

"पहिलीच घेताय, पाणी शांत, तर ही घ्या," त्याने एक रुंद, वरून मोकळी कयाक दाखवली. "आरामात बसता येतं, सहज उलटत नाही. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकून मी बटणसुद्धा घेत नाही. आधी घालून बघू."

त्यांनी बूट काढले, क्लबाचं जॅकेट चढवलं. पट्ट्यावर आपलाच टाका दिसला, तेव्हा जरा धीर आला. छोट्याने हात पुढे केला. "हात खिशात घाल," ताई म्हणाल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्या आधी बसल्या आणि मग पाय आत घेतले.

या कयाकला पाय टेकायला साच्यातच पायऱ्या होत्या, दोन्हीकडे अगदी एकसारख्या. उजवा पाय नीट टेकला. डावा अधांतरी. पायाने रेटा दिल्याशिवाय वल्ह्याला जोर येत नाही, हे दहा हातांवरच कळलं. ताई एका बाजूला घसरत होत्या आणि होडी घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी गोल फिरत होती.

"ताई, हाक मार नुसती!" काठावरून छोट्या ओरडला.

ताईंनी दातओठ खाल्ले. हाक मारली नाही. कशाबशा काठाला लागल्या, पण मन पार खट्टू झालं होतं. बुटांच्या दुकानात व्हायचं, तेच इथेही झालं. जग दोन सारख्या पायांसाठी बेतलेलं, आणि पाण्यातही त्यातून सुटका नव्हती.

पण सवय जाते कुठे? शेजारी दुसरी कयाक होती, बसायला आत खोलगट जागा असलेली. कपड्याची आतली शिवण चाचपावी तसा ताईंनी तिच्या आत हात घातला. बोटांना एक पट्टी लागली, पट्टीला खाचा.

"हे काय?"

"पायटेकू. उंचीप्रमाणे मागेपुढे सरकतं."

"दोन्ही एकदम?"

"नाही, वेगवेगळं. पण आम्ही सारखंच लावतो."

ताईंच्या पर्समधून टेप निघाली. आत बसून, पाय लांब करून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं माप खरं घेतलं. "डावं तिसरी खाच, उजवं पाचवी," माप टिपताना पुटपुटायच्या सवयीने त्या म्हणाल्या, ते शेजारी उभ्या छोट्याने ऐकलं. दोन्ही तळवे एकाच वेळी टेकले. साठाव्या वर्षी! त्यांनी वल्हं उचललं.

होडी सरळ निघाली. पार पलीकडच्या काठापर्यंत गेली. तासभर छोट्या उभाच होता, हात खिशात. शेजारी मासे धरत बसलेल्या गृहस्थाने विचारलं, "बाई जुन्या खेळाडू वाटतं?" छोट्याने तोंड उघडलं आणि पायाचं काही न सांगता मिटलं.

ताई परतल्या, आपल्या आपण उतरल्या. घ्यायची तर हीच, म्हणाल्या. होडीवाल्याने फडकं घेऊन कयाक पुसली आणि आत वाकला. "पायटेकू पुढेमागे झालेत, एका रेषेत आणून देतो."

"हात लावू नका," छोट्या एकदम म्हणाला. "डावं तिसरी खाच, उजवं पाचवी. लिहून ठेवा."