साहेब आले आणि मी सावधान उभा राहिलो

मित्रांनो, आज अपंगत्व पेन्शनसाठी माझी तपासणी होती. फौजेत पाठीचा मणका गेला. शिफ्टभर उभं राहवेना, म्हणून रोह्याच्या कंपनीतली वॉचमनची नोकरीही सुटली.

डॉक्टर साहेब आत आले आणि मी सवयीने ताडकन सावधान उभा राहिलो. कळ मस्तकात गेली.

"पाठ दुखते? झोप लागते? मन उदास असतं?" त्यांनी विचारलं.

"सब ठीक, सर!"

त्यांनी तसंच लिहून घेतलं.

परतीच्या गाडीतून आमच्या निडी स्टेशनला उतरताना बरोबर आलेल्या बायकोने हात धरला. "घरात भिंत धरून उठता, देवापुढे बसून रडता. तिथं का नाय सांगितलंत?"

आता अर्ज फेटाळतील, अशी भीती वाटतेय. देवाला सांगता येतं ते साहेबांना कसं सांगायचं? तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?