पायपेटीची खुर्ची

हुमनाबाद तालुक्यातल्या आमच्या गावात मी ओसरीवर मुलांना पेटी शिकवते. मराठी घरची, कन्नड घरची, सगळी येतात आणि सगळी सारखीच बेसूर असतात. एकच मुलगी खरी सुरात होती आणि नेमका तिचा डावा हात लहानपणीच्या तापात लुळा पडला होता. पेटीला एक हात सुरांना लागतो, एक भात्याला. तिचा भाता दुसरं एखादं मूल मारायचं, पण त्याचं लक्ष रस्त्यावर. सूर मध्येच गुदमरायचा, ती पट्ट्यांवरून हात उचलायची. मला ते बघवत नसे.

मग मला देवळाच्या खोलीतली पायपेटी आठवली. गावात नाटकं व्हायची तेव्हाची, सतरंज्यांखाली पडलेली. बिदरहून कारागीर आणून मी ती नीट करून घेतली. मुलगी खुर्चीवर बसली, पायांनी भाता मारू लागली आणि पहिल्यांदाच तिचा सूर तिला हवा तितका लांब गेला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तिला जत्रेच्या भजनात वाजवायचं होतं. दुसरं काही तिनं कधी मागितलंच नाही.

जत्रेच्या दिवशी आम्ही गाभाऱ्यासमोर पायपेटी मांडली. भजनातले सगळ्यांत जुने अप्पा आले आणि खुर्ची बघून थांबले.

"अक्का, देवापुढं खुर्ची चालत न्हाई. आमी म्हातारी माणसं गुडघे दुखत असून खाली बसायलोय."

"अप्पा, ही पेटी खाली बसून वाजत न्हाई."

"व्हय, कळतंय मला. पर आज हिला वर बसवलं तर उद्या कुणाला न्हाई म्हणू?"

मी भांडले. मी फटकळच आहे. पण तिच्या वडिलांनी हात जोडले, अप्पांना नव्हे, मला. "जाऊ द्या अक्का, लोक बघायलेत." आणि त्यांनीच खुर्ची उचलून बाहेर नेली.

अप्पा वाईट असते तर बरं झालं असतं, मला त्यांचा राग तरी धरता आला असता. त्यांनी पोरीला मायेनं जवळ बोलावलं, सगळ्यांत पुढं बसवलं. "नुसती बसवू नगा तिला," म्हणत तिच्या मांडीवर टाळ ठेवले.

भजन सुरू झालं. तिनं एक टाळ उजव्या हातात धरला. दुसरा दोरीला लोंबत होता. भजन संपेपर्यंत तिनं हातातला टाळ तसाच धरून ठेवला.

त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. बोलवायला गेले तर आतल्या खोलीतून बाहेरसुद्धा आली नाही. अशा मुलांना सगळ्यांत सामील करून घ्या म्हणावं, तर तेही आता कुणाला सांगू? त्या दिवशी कुणीतरी काढलेला भजनाचा व्हिडिओ मात्र अजून गावभर मोबाइलवर फिरतो. परवा एका नव्या मुलाची आई मला तो कौतुकानं दाखवत होती.

"बघा अक्का, आपल्या गावात असल्या पोरीला पण पुढं बसवतेत."