पंचनामाबाईचं माहेर

सई, ये इकडे. तू तिकडे जर्मनीत आणि मी इथे मस्कतला, ठाऊक आहे मला. पण कान धरायचा तर आधी जवळ बसवायला नको का? त्या नाझींच्या छळछावणीचे फोटो पाठवलेस, पाहिले सगळे. खाली काय लिहिलंस? ‘सगळं जसंच्या तसं जपून ठेवलंय.’ कोणी सांगितलं गं तुला? आमच्या पंचनामाबाईने हे वाचलं असतं ना, तर तुला उभं करून उलटतपासणी घेतली असती. तू तिला पाहिली नाहीस, म्हणून सांगते.

पंचनामाबाई म्हणजे इथे मस्कतच्या कुरुम भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमधली जर्मन आजी. लेक, जावई आणि लेना नावाची नात यांच्याबरोबर राहायची. नाव ठेवलं तुझ्या काकांनी. नवीन शेजार म्हणून मी वाटीभर शिरा घेऊन गेले, तर बाईने वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे कशासाठी?” म्हटलं, “शेजारी आहोत ना आपण.” “बरं. आणि याच्या बदल्यात मी काय करायचं?” मी घरी येऊन हे सांगितलं तर काका म्हणाले, “शिऱ्याचा पंचनामा झाला म्हण की!” झालं, तेच चिकटलं.

कुठेही गेली की तिचा एकच प्रश्न, “याआधी इथे काय होतं?” मॉलमध्ये तोच, बागेत तोच. आमच्या इमारतीच्या मल्याळी वॉचमनलाही सोडलं नाही. तो म्हणाला, “मॅडम, वाळू होती.” “आणि वाळूच्या आधी?” बिचाऱ्याने माझ्याकडे केविलवाणं पाहिलं आणि “यल्ला मॅडम, चला चला, लिफ्ट आली,” म्हणून सुटका करून घेतली. रुस्ताकचा किल्ला दाखवायला नेलं, तर वाटाड्या सांगतोय, पूर्वी होता तस्साच आहे, आणि ही भिंतीला नख लावून बघतेय. “गिलावा नवा आहे. जुना कुठे गेला?” परत येताना गाडीत मला म्हणाली, “भिंत फार स्वच्छ दिसली की मला शंका येते.”

आता आपल्या बायकांचं तुला माहीत आहे. ओळख झाली की दुसरं वाक्य, माहेर कुठलं? मीही विचारलं. बाईने कॉफीचा कप खाली ठेवला. “दक्षिणेला. एक छोटी वसाहत होती. तुला कशाला हवंय?” आणि त्यानंतर कितीतरी दिवस दार उघडेना. साऱ्या जगाला प्रश्न विचारणारी बाई, स्वतःवर एक प्रश्न आला तर आत कडी! काका म्हणाले, “काहीतरी लपवतेय. बाप नाझी असणार, बघ.” मी त्यांना गप्प केलं, पण खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. जिन्यात भेटली की मी तिच्याकडे निरखून बघायची, आणि ती माझ्याकडे.

मग एकदा ती तापाने पडली. लेक ऑफिसला, नात शाळेत. मी मऊ भात घेऊन गेले. उशाशी एक फोटो होता. लांबलचक बैठी लाकडी इमारत, ओळीने दारं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, दोरीवर कपडे आणि पायरीवर दोन वेण्यांची एक मुलगी. मी किंचाळलेच. “अगं, ही तर चाळ! ठाण्याला आम्ही अश्शाच चाळीत वाढलो!”

“चाळ म्हणजे काय?”

सांगितलं. एका ओळीत खोल्या, नळ सगळ्यांत मिळून एक, हिची कढी तिच्या घरी, पोरं कुणाच्याही दारात जेवणार. ती कान देऊन ऐकत होती. “अगदी असंच,” म्हणाली. “दुकान होतं, न्हावी होता, बालवाडी होती. मी तिथे फार सुखात होते.” मग भिंतीकडे तोंड केलं. “ती छळछावणी होती.”

माझा चमचा हवेतच राहिला. वळून न बघता म्हणाली, “तुझ्या मनात काय आलं ते कळलं मला. नाही. माझा बाप तेव्हा लांब पूर्वेकडे सुतारकाम करत होता. निदान आई तरी असं सांगायची.”

सई, तू पाहून आलीस ना, तीच ही छावणी; आता नीट ऐक, हे तुझ्या फोटोंत नाही. आधी तिथे दारूगोळ्याचा बंद पडलेला कारखाना होता. नाझी आल्यावर सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना तिथे कोंडायला लागले. गावातले म्हणायचे, असतील काहीतरी भानगडीतले. मग कैद्यांकडूनच बराकी बांधून घेतल्या. ज्यू आले, जिप्सी आले, पाद्री आले, देशोदेशीचे आले. एकेका बराकीत माणसं ठासून भरली. उपासमार, टायफस, प्रेतं जाळायच्या भट्ट्या. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी नाझींनाच तिथे डांबलं. आणि ते गेल्यावर त्याच बराकींत आडभिंती घालून पूर्वेकडच्या देशांतून हाकललेली जर्मन कुटुंबं राहायला आली. फाळणीनंतर कल्याणला लष्कराच्या बराकींत सिंधी कुटुंबं राहिली ना, तशी. फक्त या बराकी असल्या. बाई तिथेच जन्मली. पुढे सगळ्यांना घरं मिळाली, बराकी पाडल्या, स्मारक झालं. तू जिच्यात उभी राहून फोटो काढलास ना, ती बराक नंतर नव्याने बांधलेली आहे.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

खरं काय ते मोठेपणीच कळलं; पण बाई लहान असताना एक म्हातारा दारात आला होता. हॅट हातात. म्हणाला, मी इथे होतो, तिथे, खिडकीखाली. जरा बघू का? खिडकीखाली बाईची खाट होती. आईला वाटलं, बराक रिकामी करायला सांगणारा कोणी कारकून असेल. “आमचं भाडं भरलेलं आहे,” म्हणाली आणि दार लावलं. रात्री पोरीने विचारलं, याआधी इथे काय होतं? आई म्हणाली, “कामगार राहायचे.”

“आणि मी लेनाला काय सांगितलंय? छोटी वसाहत,” बाई म्हणाली. जावयाचं इथलं काम संपत आलं होतं, सगळे जर्मनीला परतणार होते, आणि तिथे शाळा पोरांना छावणी बघायला नेतात. “ती तिथे उभी राहील, आणि दुसरं कोणीतरी तिला सांगेल की या बराकींत पुढे लोक संसार करत होते. मग घरी येऊन माझ्याकडे बघेल.”

“मग आधीच सांग की.”

“आणि ती जर म्हणाली, आजी, तू तिथे खेळत होतीस? आनंदात?”

“तर म्हण, होते.”

बाईने मान वळवून मला न्याहाळलं. “तू हे एवढं सोपं का करून सांगतेस? तुला काय हवंय?” तापातसुद्धा!

सांगितलं शेवटी तिने लेनाला. त्यांच्या घरी बांधलेल्या सामानाची खोकीच खोकी, म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलावर. मला म्हणाली, “तू इथून हलू नकोस. माझा माझ्यावर भरवसा नाही.” जर्मनमध्ये बोलत होती, मला शब्द कळेना, पण बोटाने टेबलावर रांगा काढल्या, दार काढलं, खिडकी काढली, ते सगळं कळलं. लेनाने मधेच काहीतरी विचारलं आणि बाई थांबली. मग पोरीने मला इंग्रजीत सांगितलं, “मी विचारलं, आईने दार लावलं, पण आजी खिडकीतून त्यांच्याशी का नाही बोलली?”

बाई माझ्याकडे बघत नव्हती. मला कळावं म्हणून इंग्रजीतच म्हणाली, “मला वाटलं, तो माझी खाट परत मागायला आलाय.”

लेना उठून टेबलाच्या त्या बाजूला गेली आणि आजीच्याच खुर्चीत, अर्ध्या जागेत, बसली.

परतले गं ते सगळे जर्मनीला, मागच्या महिन्यात. बाई शाळेच्या आधी स्वतः लेनाला तिथे नेणार आहे. तुझा नंबर दिलाय मी, त्यांच्याबरोबर पुन्हा एकदा जा. ‘तुला काय मिळणार यातून?’ असं विचारेल, रागावू नकोस. आणि त्यानंतरची पहिली सुट्टी माझी. समोरच्या दाराला कुलूप आहे, काका टीव्हीशी बोलतात, आणि मला फोनवर ऐकायचं नाहीये. तिथे ती कुठे उभी राहिली, पोरीने हात धरला का, सगळं समोर बसून सांगायला ये. लवकर ये, सई.