चारांतला एक पांढरा

अष्टमी गावच्या डेबोराबाई रोह्याच्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. मुलगे इस्रायलला गेले, तेव्हा बाईंनी शेजारच्या मैनाला धरलं.

मैनाच्या शेतात तिच्या आईचा पांढऱ्या फुलांचा वाल होता. दाणा गोड, शेंगा मोजक्या. गावात दुसऱ्या कुणाकडे तो उरला नव्हता. बाईंना सुधारणा सुचली. भुवयांच्या चिमट्याने त्यांनी कोवळ्या पांढऱ्या कळ्या उघडल्या, आतले केसर काढून भरपूर शेंगा धरणाऱ्या जांभळ्या वालाचे पराग लावले, त्या वेलांवरच्या बाकीच्या कळ्या खुडल्या आणि त्यांना काट्यांचं कुंपण केलं. त्याच हंगामात शेळ्या शेतात शिरल्या. वाचलं ते कुंपणातलं.

भातकापणीनंतर ते बी पेरलं. सगळी फुलं जांभळी!

"बाय, माझ्या आयचं बियाणं बुडवलंस गो!" मैना म्हणाली आणि तिने ताक पाठवणं बंद केलं.

"बुडालं नाही, लपलंय. यांचंच बी पेर. चारांत एक पांढरा येईल." आवाज वर्गातला होता, घरी जाऊन मात्र त्यांनी पुस्तक पुन्हा तपासलं.

पुढच्या वर्षी मैनाने हे अक्षरशः मानलं. प्रत्येक खड्ड्यात चार दाणे टोकले. फुलं येताच बाईंना हाताला धरून शेतात नेलं.

"ह्या खड्ड्यात चारी जांभळे. इथं तुझी शाळा भरली नाय वाटतं? आन् ह्यात दोन पांढरे. शेजारचा पळवला काय?"

"अगो, खड्ड्यागणिक नाही, सगळ्या शेताचं मिळून! तुला तिन्ही मुलगेच झाले, म्हणून गावात मुली जन्मल्या नाहीत का?"

मैनाला हसू आवरेना. पांढऱ्या वेलांना खुणेचे दोरे बांधता बांधता तिने विचारलं, "यांच्या पोटी परत जांभळं निघंल?"

"नाही. पांढऱ्यात जांभळं लपत नाही. वालाचं फूल बहुधा आपलेच पराग घेतं, तरी पुढच्या वेळी जवळ जांभळा लावू नकोस."

"आन् गोडी?"

बाईंनी चष्मा पुसला. "ते मात्र खाऊनच कळेल."

दाणे भरले तेव्हा मैनाने पांढऱ्या वेलांच्या मूठभर शेंगा मडक्यात भाजल्या. एक दाणा तोंडात टाकून ती चावत राहिली. बाई परीक्षेच्या निकालाला उभ्या असल्यासारख्या.

"आयचाच हाय," मैना म्हणाली.

उरलेल्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या. बी निघालं, तेव्हा तिने त्यातलं अर्धं बाईंच्या पदरात ओतलं. "एका घरी ठेवायचं नाय आता."

एरवी बाईंनी यावरही वर्ग घेतला असता. या वेळी त्यांनी फक्त पदराला गाठ मारली.