वातींच्या वेबसाइटवर आमचे काकाजी

ज्या वर्षांत यवतमाळचं नाव रोज पेपरात यायचं, आणि चांगल्या कारणानं एकदाही नाही, त्यातल्याच एका वर्षी मारेगावकडची एक कापसाची जिनिंग मिल बंद पडली. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तिथं कामाला होता. तो काम शोधायला नागपूरला गेला आणि बहीण दोन पोरींना घेऊन यवतमाळला आली. आमच्या घरी नाही, दोन गल्ल्या सोडून खोली करून.

तिथं तिनं चार बायका जमवून देवाच्या वाती वळायला घेतल्या. फुलवात अशी, की तळहातावर ठेवली तर वजन लागू नये. पण गावातल्या दुकानदारांकडे बाहेरून स्वस्त पाकिटं यायची. बाहेरचं मोठं गिऱ्हाईक मिळालं तरच लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली शेड भाड्यानं घेता येणार होती. शेडवाला श्रावणापर्यंत थांबायला तयार होता. म्हणून तिनं नागपूरची एक वेबसाइट करणारी मुलगी ठरवली, शिकलेली, व्यवसायच तो. देखरेख मात्र माझ्याकडे सोपवली, कारण ऑफिसात माझ्या टेबलावर पाच वर्षांपासून कॉम्प्युटर होता. मी त्यावर पत्ते खेळतो हे तिला ठाऊक नव्हतं.

ती मुलगी एसटीनं आली, खोलीत बायकांच्या मध्ये मांडी घालून बसली, फोटो काढले. गिऱ्हाईक कोण, ते काय विचारेल, फोन कोण उचलेल, एवढंच तिनं विचारलं. बहिणीनं पटापट उत्तरं दिली. मला बोलायला जागाच मिळाली नाही, ते मला जरा लागलं.

पंधरा दिवसांनी रविवारी ती कच्चं पान दाखवायला आमच्या घरी आली. पांढरं पान, मधोमध एक फुलवात, खाली भाव आणि बहिणीचा मोबाइल नंबर. बस्स.

घरातले सगळ्यांत वडीलधारे, आमचे काकाजी, त्यांनी चष्मा पुसला. "हे काय? अर्धं पान तं कोरंच हाय! गणपती कुठी हाय?"

"आणि घरातल्या मोठ्यायचं नाव?" थोरल्या बहिणीचे यजमान म्हणाले. जावईच ते. त्यांचं नाव राहिलं तर दिवाळीला यायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत.

आमच्याकडे काहीही छापायचं म्हटलं की लग्नपत्रिकाच होते. वर चिंतामणी गणपती, मग काकाजींचा फेट्यातला फोटो, मार्गदर्शक म्हणून जावई, संस्थापक म्हणून मी. हो, मीही. ऑफिसातल्या पंख्याखाली काढलेला फोटो मीच नेऊन दिला.

"सर," ती मुलगी शेवटी म्हणाली, "गिऱ्हाईकाला वाती घ्यायच्या आहेत, काकाजी नाही."

"पोरगी हुशार हाय," काकाजी म्हणाले, "पण फोटो राहू दे."

धाकटी बहीण पुढं सरकली. "दादा, बाकी काही बी करा. फोन माझा ठेवा."

"बाईचा नंबर साऱ्या दुनियेले द्यायचा काय?" काकाजी म्हणाले. मी मान डोलावली. नंबर आमच्या घरच्या फोनचा पडला. त्या मुलीनं एकदा बहिणीकडे पाहिलं आणि आम्ही म्हटलं तसं करून दिलं. फुलवात काकाजींच्या खाली गेली, तीही अंगठ्याएवढी.

आषाढात एक फोन आला. पुण्याहून, पूजासाहित्याचा ठोक व्यापारी. मी विचारलं, मूळचे कुठले? तर इथल्याच, कळंबचे निघाले! मग कोणत्या घरचे, आजोळ कुठलं, असं करत अर्ध्या तासात आम्ही चुलत नात्यापर्यंत पोचलो. त्यानं तीनदा ठोक भाव विचारला. तिन्ही वेळा मी म्हणालो, "अहो, भावाचं काय घेऊन बसलात, घरचेच आहात!"

तो "बरं, पाहतो," म्हणाला.

संध्याकाळी मी मोठ्या उत्साहानं ही बातमी बहिणीला दिली.

"पाकिटं किती पायजे म्हणे?"

"ते विचारलं नाही."

"नंबर घेतला असन न त्याहीचा?"

आमच्या फोनवर नंबर दिसत नसे. मी म्हणालो, करेल तो परत, आपलाच माणूस आहे.

ती आठ दिवस आमच्या फोनपाशी येऊन बसली, मांडीवर कापूस घेऊन. बायको चहा द्यायची, तो निवून जायचा. श्रावण लागला, शेड दुसऱ्याला गेली. पोरींच्या शाळेचे दाखले काढून ती नवऱ्याकडे नागपूरला गेली. तिथं दुसऱ्याच्या कारखान्यात उदबत्त्यांची पाकिटं भरते असं कळलं. ती निघताना मी विचारलं, वेबसाइट बंद करायची का?

"मले कायले विचारता, दादा? तुमचीच हाय ते."

वर्षभर वेबसाइट तशीच राहिली. पाहुणे आले की काकाजी उघडून दाखवायला लावत. किती जणांनी पाहिली याचा आकडा पानाच्या तळाशी दिसायचा. तो आम्हीच वाढवत होतो.