फ्लॉपीतली मेंढरं

परवा इंटरनेटवर भटकताना एक पान सापडलं. जुन्या फ्लॉप्या धुऊन-पुसून त्यांतले गेम पुन्हा चालू करणाऱ्या हौशी लोकांचं. साबणाचं पाणी, कापूस, सावलीत वाळवणं, सगळं फोटोंसकट. वाचता वाचता माझी नजर देव्हाऱ्याकडं गेली. तिथं गणपतीच्या मागं एक मोठी काळी फ्लॉपी टेकलेली असते. ती माझी.

नव्वदीच्या सुरुवातीला मी बारामतीत कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा क्लास लावला. पहिल्याच आठवड्यात इंदापूरकडच्या आमच्या गावात मी इंजिनिअर झालो; निदान मी कुणाला ‘नाही’ म्हणालो नाही. बाकीची पोरं पगारपत्रकाचा प्रोग्राम लिहीत होती, मी गेम लिहिला. पडद्यावरच्या फुल्या म्हणजे मेंढरं आणि एक शून्य म्हणजे तात्या, माझे वडील. बाणाची बटणं दाबत शून्यानं फुल्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडायच्या.

माळावर ऊस आला, चराई संपली, तशी तात्यांनी मेंढरं विकली होती. तरी दिवस मावळताना वाघरीच्या रिकाम्या जागेला एक चक्कर मारून यायचे. हा गेम त्यांना एकदा दाखवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

खंडेनवमीला आईनं विळे, खुरपी, कुऱ्हाड पूजेला मांडली. मीही ऐटीत शेजारी फ्लॉपी ठेवली. “आये, हे माझं हत्यार.”

दसरा झाल्यावर तात्यांना एसटीनं क्लासला नेलं. फेटा सारखा करून ते पडद्यासमोर बसले. मी फ्लॉपी घातली. यंत्र घरघरलं, खाकरलं आणि गप्प झालं. सरांनी फ्लॉपी काढून उजेडात धरली. मधल्या फटीतून आतली तपकिरी तबकडी दिसते, नेमकी तिच्यावर हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं.

“इंजिनिअर, दुसरी कॉपी कुठाय?”

“न्हाय सर.”

“काय झालं रं?” तात्यांनी विचारलं.

“आईनं मेंढरांना कुंकू लावलं, तात्या.”

“मग? सणाला लावत्यातच की!”

परतीच्या एसटीत मी सगळा गेम तोंडी सांगितला. फुल्या कशा पळतात, शून्य कसं आडवं जातं.

“आपली समदी हायती का त्यात?”

“समदी मावत न्हाईत. थोडीच हायती.”

“मग वाघर मोठी करायची की, येड्या.” जरा वेळानं म्हणाले, “पर आत हायती न्हवं?”

“हायती. उघडत न्हाईत एवढंच.”

“ऱ्हाऊ दे मग.”

फ्लॉपी खिशात मावेना, तेव्हा ते तिची घडी घालायला निघाले. मी ओरडलो. मग गावापर्यंत दोन्ही हातांत धरून बसले. घरी आल्यावर त्यांनीच ती देव्हाऱ्यात ठेवली. दर दसऱ्याला ताज्या कुंकवाची भर पडत गेली. आता तात्याही नाहीत.

परवा ते पान वाचून मी फ्लॉपी खाली घेतली, वाटीत पाणी घेतलं, कापूस भिजवला. आईनं बाजेवरूनच विचारलं, “काय चाललंय?”

“कुंकू पुसतोय. तात्यांची मेंढरं भाईर काढतो.”

आईनं दाराबाहेर पाहिलं. पार कालव्यापर्यंत ऊसच ऊस.

“आन काढून चारणार कुठं?”

मी कापूस पिळून टाकला आणि फ्लॉपी परत गणपतीच्या मागं टेकवली.